त्रेपन्न की पन्नास तीन? दुसरीतल्या मुलाला घरी शिकवताना

२०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ (म्हणजे एकवीस, बावीस) असं संख्यावाचन आलं, तेव्हा माझी मुलगी दुसरीतच होती. परळच्या आमच्या चाळीत बरेच दिवस तोच विषय होता. भाषेची मोडतोड म्हणून चिडणाऱ्यांत मीही होतो. हे पुस्तक करणाऱ्या, गणितज्ञ मंगला नारळीकरांच्या समितीने जुनी नावं काढलेली नव्हती, सोबत एक सोपी वाट दिली होती, हे मी जरा उशिराच नीट वाचलं.

जुन्या नावांचं मोल कमी नाही. ‘सात आठे छप्पन्न’ जिभेवर बसतं ते तालामुळे. तिथे ‘पन्नास सहा’ घातलं की पाढा अडखळतो. दादरला भाजीवाला ‘अठ्ठेचाळीस’ म्हणतो, फलाटावर ‘नऊ वाजून त्रेपन्न मिनिटांची’ ऐकू येतं. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना तर ही नावं घरीच मुद्दाम शिकवावी लागतात.

माझं मत फिरलं ते वहीमुळे. मी ‘त्रेपन्न’ म्हटलं की मुलगी ३५ लिहायची. रोज. आळस नव्हता, कानावर तीन आधी पडतो म्हणून हात आधी तीन लिहितो. ‘एकोणसाठ’ला तर कधी ६१, कधी ६९. त्यातला साठ ऐकू येतो, पण त्यातून एक उणा करायचाय हे सात वर्षांच्या मुलाने कुठून ओळखावं? बरं, सगळीकडे ‘एकोण’ म्हणावं तर ८९ला एकोणनव्वद, पण ९९ला मात्र नव्याण्णव! उत्तर चुकलं की वजाबाकी येत नाही असं मला वाटायचं, आणि खरी चूक गणित उतरवतानाच झालेली असायची. तिला मी विनाकारण बरंच रागावलो, याचं आजही वाईट वाटतं.

मग खराट्याच्या हिरांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले. ‘पन्नास तीन’ म्हटलं की ती पाच गठ्ठे उचलायची, तीन सुटे. त्यातून ‘वीस सात’ काढायचे तर सुटे पुरत नाहीत, म्हणून एक गठ्ठा सोडायचा. दशक सुटा करणं तिला असं हातानेच कळलं. शब्द, काड्या आणि अंक एकाच क्रमाने येत होते.

एका मुलीच्या अनुभवावरून नियम करू नये. ज्या मुलाला नावं पाठ आहेत आणि लिहिताना अंक उलटत नाहीत, त्याची पद्धत कशाला बदलायची? पण वहीत ३५-५३ची अदलाबदल दिसत असेल, तर मी आधी ‘पन्नास तीन’च घेईन, दशक-एकक पक्के झाले की त्रेपन्न. आमच्याकडे दिवाळीनंतर जुनी नावं फार त्रास न होता आली. पाढे मात्र पहिल्यापासून जुन्याच नावांनी म्हणून घ्या. आणि वर्गातल्या बाईंना तेवढं सांगून ठेवा, म्हणजे मुलाने तिथे ‘पन्नास तीन’ म्हटलं तर त्याला कोणी चूक ठरवणार नाही.