आत्याला ऑडिओ, भाचीला ब्रेल: डाउनलोडची पुस्तकं कुठून घ्यावीत?

आमच्या घरात डोळ्यांनी न वाचणाऱ्या दोघी आहेत. आत्या सत्तरीच्या पुढची, मधुमेहाने नजर गेली. भाची अकरावीत, पहिलीपासून ब्रेलवर वाढलेली. दोघींना मिळून एकच सोय बघू, असं मी ठरवलं आणि पहिले दोन महिने त्यातच वाया घालवले.

फुकटातलं आणि कायद्याच्या चौकटीतलं पहिलं नाव म्हणजे सुगम्य पुस्तकालय, छापील पुस्तक वाचता न येणाऱ्यांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय. केंद्राचा दिव्यांगजन विभाग, डेझी फोरम ऑफ इंडिया (अशी पुस्तकं पुरवणाऱ्या संस्थांचं जाळं) आणि टीसीएस यांनी ते २०१६ साली सुरू केलं. फोरमशी जोडलेल्या एखाद्या संस्थेमार्फत सभासद व्हायचं आणि त्यासाठी अपंगत्वाचा दाखला लागतो. फक्त अंधांसाठीच आहे असं समजू नका. डिस्लेक्सिया असलेला किंवा हातात पुस्तक धरता न येणाराही यात बसतो. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने अशा वाचकांसाठी ब्रेल, ऑडिओ वगैरे प्रती काढायला मोकळीक दिली, आणि २०१४ मध्ये हीच मोकळीक देणाऱ्या आंतरराष्ट्रीय माराकेश कराराला मान्यता देणारा भारत जगातला पहिला देश ठरला. ही मोकळीक वाचू न शकणाऱ्यापुरतीच आहे. त्यामुळे डाउनलोड केलेली फाइल व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवायची नाही.

दुसरं बुकशेअर, मूळचं अमेरिकेतलं. दहा लाखांहून जास्त पुस्तकं आहेत, इंग्रजीचा तर समुद्रच. अमेरिकेतल्या पात्र विद्यार्थ्यांना ते फुकट आहे, तेव्हा तिकडच्या मराठी घरांनी आधी इथेच बघावं. आपल्याकडच्यांसाठी आकर्षण वेगळं: महाराष्ट्र बोर्डाची पाठ्यपुस्तकं तिथे सापडतात. भाचीचा प्रश्न निम्मा तिथेच सुटला. एकच पुस्तक डेझी (अशा वाचकांसाठी बनवलेला खास डिजिटल पुस्तकाचा प्रकार), ईपब, वर्ड, एमपी३ किंवा ब्रेलच्या बीआरएफ फाइलमध्ये उतरवता येतं. ऑडिओ मात्र बहुतेक वेळा यंत्राच्या आवाजात.

आत्याला तो आवाज अजिबात चालला नाही. “हा माणूस जेवलेला नाही वाटतं,” म्हणाली. तिला कादंबरी हवी, तीही कुणीतरी जीव ओतून वाचलेली. अशांनी सरळ पैसे मोजून स्टोरीटेलसारखं ॲप घ्यावं. दाखला नको, कागद नकोत, मराठी भरपूर. पण तिथे फक्त ऐकता येतं. शब्द कसा लिहिलाय हे बोटाखाली येत नाही, आणि पान ४७वरचा दुसरा परिच्छेद काढ म्हटलं तर काही उपयोग नाही. डेझीत प्रकरण, उपप्रकरण आणि बऱ्याच पुस्तकांत पान क्रमांकावरही उडी मारता येते. परीक्षेच्या अभ्यासाला हाच फरक निर्णायक.

आकाराचाही विचार करा. ३२ केबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला ३२ किलोबिटने, केलेलं दहा तासांचं ध्वनिमुद्रण साधारण १४४ एमबी भरतं. तेच पुस्तक बीआरएफमध्ये एक-दोन एमबीच्या आत मावतं. गावाकडे नेट रडतखडत चालतं तिथे हे लगेच जाणवतं.

मग ब्रेलच का नाही? कारण वाचायला यंत्र लागतं. भाचीकडे ऑर्बिट रीडर आहे, टिंबं वरखाली करून बोटाखाली ब्रेल उमटवणारं यंत्र. त्यात एका वेळी २० खाने, म्हणजे ब्रेल अक्षरांच्या २० जागा. बीआरएफची ओळ सहसा ४० खान्यांची, म्हणजे एका ओळीला दोनदा बटण. शिवाय मराठी ब्रेलची स्वतःची रीत आहे. ‘कि’ची वेलांटी छापील अक्षराच्या आधी दिसते, ब्रेलमध्ये ‘क’नंतर येते. उलट ‘पुस्तक’मधलं जोडाक्षराचं टिंब ‘स’च्या आधी पडतं. यंत्राने रूपांतर केलेली फाइल असेल तर ब्रेल येणाऱ्याच्या हातून एक पान तपासून घ्या आणि मगच बाकीची पुस्तकं उतरवा. छापील ब्रेल हवं असेल तर मुंबईत वरळीच्या नॅबसारख्या (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) संस्थेत विचारावं. पण जागेची तयारी ठेवा, एका जाड पुस्तकाचे सहज चार-पाच खंड होतात.

स्कॅन करून बनवलेल्या मराठी मजकुरात आणखी एक गोम असते: भ-म, ध-घ यांची अदलाबदल. एका फाइलमध्ये “भाऊ घरी आला”चं “माऊ घरी आला” झालं होतं. शब्द दोन्ही बरोबर, त्यामुळे शुद्धलेखन तपासणीला काही खटकत नाही. ऐकताना आत्याला पुढची दोन पानं मांजराचीच वाटली. भाचीचं बोट मात्र ‘म’वर थबकलं आणि तिने मागे जाऊन वाक्य परत वाचलं.

माझं मत विचाराल तर शिकणाऱ्या मुलाला ब्रेल आणि डेझी दोन्ही द्या, फक्त ऑडिओवर ठेवू नका. ऐकून ऐकून शुद्धलेखन येत नाही. उतारवयात नजर गेलेल्याला ब्रेल शिकण्याचा आग्रह मी धरणार नाही, मधुमेहात बोटांचं बधिरपणही असतं. त्याला माणसाचा आवाज मिळवून द्या.

आणि पुस्तकं निवडत बसण्याआधी कागद काढा. दाखल्याची स्वच्छ स्कॅन प्रत, फोटो, मोबाईल नंबर. आमच्या पहिल्या अर्जातला दाखला अंधुक निघाला होता, तेवढ्यावरून अर्ज परत आला.