गोळ्यांचा २८ खणांचा डबा: गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर ७ महिने वापरून

जानेवारीत माझ्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, वय ६४. गुडघे छान आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण घरी आल्यावर डोक्याचं जे झालं त्याची कोणीच कल्पना दिली नव्हती. डिस्चार्जच्या वेळी जिना कसा चढायचा, टाके कसे जपायचे सगळं सांगितलं, विसरायला होईल हे कोणी बोललंच नाही, म्हणून एवढं लिहितेय.

डोक्यात कापूस भरल्यासारखं वाटायचं. शब्द तोंडाशी यायचे आणि जायचे, किसणीला किसणी म्हणता येईना, सुनेला म्हणाले "ते दे गं, खोबऱ्याचं", तिने खवणी दिली आणि मला रडूच आलं. पेपर वाचायला घ्यायचा, खालच्या ओळीवर येईपर्यंत वरचं गेलेलं. ३४ वर्षं शाळेत गणित शिकवलं मी, आणि कुकरच्या तीन शिट्ट्या मोजता येत नव्हत्या.

आणि मग अकराव्या दिवशी बीपीची गोळी दोनदा घेतली. पहिली घेतल्याचं काही म्हणजे काही आठवत नव्हतं, स्ट्रिप हातात घेऊन बघत बसले, त्यातून कळणार काय, आज सकाळी फोडली का काल रात्री ते स्ट्रिप सांगत नाही ना. वॉकर धरून बाथरूमकडे निघाले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. ह्यांनी मागून धरलं म्हणून वाचले, नाहीतर नवे गुडघे घेऊन थेट फरशीवर. बीपी ९४/६० होतं. त्याच संध्याकाळी मुलगा हा डबा घेऊन आला, अडीचशे रुपये.

डबा म्हणजे सात दिवसांच्या सात पट्ट्या, प्रत्येक पट्टीत चार खण, सकाळ दुपार संध्याकाळ रात्र. पट्टी सुटी निघते. त्याआधी मोबाईलला अलार्म लावून बघितले होते, पाच-पाच अलार्म, पण मी अलार्म बंद करायचे आणि पाण्याला उठेपर्यंत कशाला उठले तेच जायचं. अलार्म सांगतो गोळी घे. घेतली का हे तो सांगत नाही, आणि माझा सगळा घोळ तिथेच होता. खण उघडून बघितला, रिकामा, म्हणजे घेतली, विषय संपला. आठवायचं नाहीच, फक्त बघायचं. दिवसातून वीस वेळा "अहो, मी गोळी घेतली का हो?" विचारणं बंद झालं, त्याने ह्यांच्या जिवालाही केवढा आराम.

अलार्म आता एकच ठेवलाय आणि गोळी तळहातावर आल्याशिवाय तो बंद करायचा नाही हा नियम.

डबा भरायचं काम रविवारी संध्याकाळी. पहिले दोन महिने सून भरायची, मी नुसती बघायचे, मार्चपासून मी भरते आणि ती डॉक्टरांचा कागद घेऊन मोठ्याने वाचते. हे दोघांनीच करा, कारण भरताना चूक झाली की ती सात दिवस चालते, आणि डब्यावर विश्वास टाकून आपण डोळे झाकून घेतो. थायरॉईडची गोळी मी डब्यात टाकतच नाही, ती उपाशीपोटी लागते, उशाशी पाण्याच्या भांड्याखाली असते. कॅल्शियम मुद्दाम रात्रीच्या खणात, थायरॉईडच्या गोळीपासून निदान चार तास लांब ठेवायचं असतं ते.

आता खोड्या. झाकणं पहिल्या महिन्यात इतकी घट्ट की बोट दुखायचं, आणि आता दोन इतकी सैल झालीत की पट्टी खाली पडली तर गोळ्या घरभर. इंग्रजी अक्षरं एप्रिलपर्यंत पुसली गेली, नातवाने मराठीत चिठ्ठ्या लिहून वर सेलोटेप लावली. कॅल्शियमची मोठी गोळी बसते पण तिच्यासोबत दुसरं काही मावत नाही. जूनमध्ये इथे सांगलीत पाऊस लागला आणि फोडून ठेवलेल्या गोळ्या मऊ पडायला लागल्या, तेव्हापासून स्ट्रिप कापून वेष्टनासकट ठेवते, कोपरे कात्रीने गोल करून, आणि घेताना वेष्टन काढलंय ना ते सून बघते. काही गोळ्या मूळ पाकिटातून काढायच्याच नसतात, तेव्हा मेडिकलवाल्याला विचारूनच घ्या. उरलेली स्ट्रिप नाव आणि तारखेसकट जपून ठेवायची. आणि डब्याला कुलूप नाही, रंगीत आहे, घरात लहान पोर असेल तर उंचावर ठेवा.

पण डब्याने डोकं बरं होत नाही, हे स्पष्ट सांगते. सहा आठवड्यांनी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले, त्यांनी सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या. दुखण्याची ट्रामाडॉलवाली गोळी अजून चालूच होती, शिवाय सर्दीची एक गोळी मी स्वतःच्या मनाने घेत होते, दोन्हींनी सुस्ती येते, डोकं जड होतं, त्या हळूहळू बंद केल्या. मग रक्त तपासलं, बी-१२ खूप कमी. मी शुगरसाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेते, त्याने बी-१२ कमी होऊ शकतं हे मला माहीतच नव्हतं. इंजेक्शनं झाली, रात्रीची झोप सुधारली, आणि एप्रिलअखेर कापूस हळूहळू निघायला लागला. कशाने किती फरक पडला ते मी सांगू शकणार नाही.

माझी भाची भूलतज्ज्ञ आहे, तिच्याशी बोलले तेव्हा जीव भांड्यात पडला. मला वाटत होतं भुलीनेच सगळं केलं, पण मला तर पूर्ण भूल न देता फक्त कमरेत इंजेक्शन दिलं होतं. ती म्हणाली, मावशी, एकट्या भुलीचा दोष नसतो, ऑपरेशनने शरीरात सूज येते, झोप मोडते, औषधं असतात, सगळं मिळून होतं. १९९८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात साठी आणि त्यापुढच्या १२१८ पेशंटचा अभ्यास आला होता, हृदय सोडून इतर मोठ्या ऑपरेशनचा. आठवड्याने साधारण चारातल्या एकाची स्मरणशक्ती आणि लक्ष कमी झालेलं आढळलं, तीन महिन्यांनी दहातल्या एकाची. म्हणजे बहुतेकांचं सुधारतं. हे मला जानेवारीत कोणी सांगितलं असतं तर रात्र रात्र आपल्याला वेड लागतंय म्हणून जागले नसते. तिने एक बजावलं, माणूस एकाएकी भलतंच बोलायला लागला, घरचे ओळखेना, दिवसरात्र कळेना, तर तो विसराळूपणा नव्हे, लगेच दवाखाना गाठायचा.

डब्यावरूनच कुकरचं सुचलं. गॅसपाशी एका वाटीत वाल ठेवले, शिट्टी झाली की एक वाल दुसऱ्या वाटीत. तीन झाले की गॅस बंद. मोजायचं नाही, बघायचं. भेटायला येणाऱ्या बायका विचारायच्या हे काय, मी सांगायचे.

गेल्या महिन्यात समोरच्या वहिनींचं ऑपरेशन ठरलं, त्यांच्यासाठी असाच डबा आणला. त्यांना म्हटलं आजपासूनच भरायला लागा, रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या घालून, ऑपरेशनला अजून पंधरा दिवस आहेत. डोकं नीट चालतंय तोवर हाताला सवय लागू दे. मी ते उलटं केलं होतं, धुक्यात असताना नवीन काहीतरी शिकायला बसले, म्हणून पहिले आठ दिवस डबा बघूनच गोंधळायचे, आज मंगळवार का बुधवार तेच कळायचं नाही. मग ह्यांनी युक्ती केली, सकाळच्या चहाबरोबर फक्त त्या दिवसाची पट्टी काढून माझ्या ताटाशेजारी ठेवायची, बाकीचा डबा कपाटात. ते मात्र आजही तसंच चालू आहे.