नागाळा पार्कातील आठ शनिवार : 'अभिवचने आणि अंतकाळ' या अभ्यासवर्गाविषयी

कोल्हापुरात नागाळा पार्कातील एका सभागृहात गेल्या हिवाळ्यात आठ शनिवार भरलेला, देवाने दिलेली अभिवचने (वचने) आणि अंतकाळ (जगाच्या शेवटाचा काळ) यांवरचा पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, हा अभ्यासवर्ग मी पूर्ण केला. वेळ सायंकाळी पाच ते सात अशी होती आणि ३०० रुपये शुल्कातच छापील टिपणे व चहा मिळत असे. शिकवणारे सर एका सेमिनरीतून (ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या संस्थेतून) निवृत्त झालेले आहेत. वर्ग पुन्हा भरणार असल्याचे कळल्यामुळे, जाण्याचा विचार करणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहीत आहे.

पहिले तीन शनिवार अभिवचनांना दिले होते आणि माझ्या मते शुल्क तेवढ्यातच वसूल झाले. आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) ३१ डिसेंबरच्या रात्री उपासना झाली की वचनाच्या चिठ्ठ्या काढतात आणि ज्याला जी निघेल ती त्याची वर्षाची शिदोरी होते. २०२१ साल लागताना माझ्या आईला यिर्मया २९:११ (यिर्मया संदेष्ट्याचे पुस्तक, अध्याय २९, ओवी ११) निघाले होते : देवाचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. तिने ती चिठ्ठी लोखंडी कपाटाच्या दारावर चिकटवली. त्याच वर्षी मे महिन्यात आई गेली, आणि सांत्वनाला आलेल्या एका उपदेशकांनी कुठेतरी विश्वास कमी पडला असावा असे आम्हाला सांगितले. ते वाक्य मी कित्येक वर्षे मनात वागवत होते.

सरांनी नेमके हेच वचन घेतले, पण अकरावे नव्हे, तर पहिल्या ओवीपासून वाचायला लावले. हा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. इसवी सनपूर्व ५९७ मध्ये बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून जे लोक धरून नेले, त्यांना यिर्मयाने ते बाबेलात पाठवले. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सारे परत येईल असे सांगतो, तर यिर्मया दहाव्या ओवीत सत्तर वर्षे सांगतो. सरांनी फळ्यावर वजाबाकी न मांडता फक्त विचारले, की पत्र ऐकताना जो चाळिशीचा होता त्याचे काय झाले असेल? वर्गात कोणी बोलले नाही. ज्यांना हे अभिवचन मिळाले, त्यांच्यापैकी बहुतेकांची माती बाबेलातच झाली. म्हणूनच पत्रात आधी घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि त्या परक्या नगरासाठी प्रार्थना करा असे सांगितले आहे.

पुढचा मुद्दा तर आपल्या मराठीतूनच उलगडला. अकराव्या ओवीतला 'तुम्ही' आपण आदरार्थी समजून एकेकट्यासाठी वाचतो. परंतु मराठी पवित्र शास्त्रात देव एका माणसाशी बोलताना 'तू' म्हणतो, अब्राहामालाही आणि मोशेलाही. तेव्हा हा 'तुम्ही' अनेकांचा आहे, एका समाजाचा आहे, आणि मूळ हिब्रूतही तिथे अनेकवचनच आहे. मग ते वचन आपले नाहीच का, असे एका भगिनींनी थोड्या रागानेच विचारले. सरांनी यहोशवा १:५ काढले. 'मी तुला टाकणार नाही' हे यहोशवाला दिलेले वचन इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा लेखक १३:५ मध्ये आपल्या सर्व वाचकांना लागू करतो. म्हणजे वचन पुढच्यांपर्यंत पोहोचते, पण ते आधी कोणाला, कोणत्या प्रसंगी दिले होते हे पुसून नव्हे. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाने जगलेले आणि अभिवचनाचे फळ न पाहताच मेलेले लोक गौरवाने नोंदले आहेत. त्या रात्री घरी येऊन मी आईच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने '२९:१०' असे लिहिले.

अंतकाळाचा भाग तितका सरस झाला नाही. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातील ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याविषयीची तीन मते मात्र सरांनी प्रामाणिकपणे मांडली : ख्रिस्त त्या राज्याआधी येईल, त्यानंतर येईल, किंवा हजार हा आकडा मंडळीच्या सध्याच्या काळाचे प्रतीक आहे. आरंभीच्या शतकांतील ख्रिस्ती शिक्षकांपैकी इरेनियस पहिल्या मताचा होता, तर ऑगस्टीनने तिसरे मत रुजवले, हे आमच्यातील बहुतेकांना नवीन होते. महासंकटापूर्वी, म्हणजे शेवटाआधीच्या मोठ्या छळाच्या काळापूर्वी, विश्वासणारे गुप्तपणे वर घेतले जातील ही आपल्याकडे सर्रास सांगितली जाणारी शिकवण १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी यांनी मांडली आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबल या टिपांसहित आवृत्तीमुळे ती दूरवर पसरली, हे ऐकून मागच्या रांगेत चुळबुळ झाली. दानीएल ८:१४ मधील २३०० दिवसांना वर्षे मानून आणि इसवी सनपूर्व ४५७ पासून मोजून अमेरिकन उपदेशक विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी ख्रिस्ताच्या पुनरागमनाची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख कशी धरली, हेही सरांनी नीट समजावले. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरीत शिरले, तेव्हा शेवटच्या दिवसांच्या चिन्हांचे संदेश मोबाइलवर किती फिरले होते हे सर्वांना आठवत होते. मत्तय २४:६ मध्ये येशू 'पण तेवढ्यात शेवट होत नाही' असे म्हणतो, हे वाक्य त्या संदेशांत कधीच नसे.

माझी खरी तक्रार अशी, की दानीएलाच्या पुस्तकातील सत्तर सप्तकांच्या (सात-सातांच्या सत्तर कालखंडांच्या) तक्त्यावर दोन पूर्ण शनिवार गेले आणि प्रकटीकरणात आशिया या रोमन प्रांतातील (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातील) सात मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांना जेमतेम वीस मिनिटे मिळाली. वर्गाच्या दोन्ही विषयांचा सांधा तिथेच होता. प्रकटीकरणातले ते दोन अध्याय म्हणजे अंतकाळाच्या पुस्तकातील अभिवचनेच आहेत. प्रत्येक पत्राच्या अखेरीस 'जो विजय मिळवतो' त्याला काहीतरी देऊ केलेले आहे. त्यांपैकी स्मुर्णाच्या मंडळीला संकट टळेल असे सांगितलेलेच नाही. तुरुंग येईल, मरेपर्यंत विश्वासू राहा, म्हणजे जीवनाचा मुकुट मिळेल, असे सांगितले आहे. यिर्मयाचे पत्र ज्या कसोशीने वाचले, त्याच कसोशीने हे पत्र वाचले असते तर शेवटचे शनिवार पहिल्या तीन शनिवारांइतके भरीव झाले असते. टिपणांचा टाइपही फार बारीक आहे, आणि वर्गात निम्मे लोक साठीच्या पुढचे होते.

एवढे असूनही मी पुढच्या वेळी पुन्हा नाव नोंदवणार आहे. सात पत्रांना किमान एक पूर्ण शनिवार द्यावा, अशी विनंती मी सरांना लेखी दिली आहे, आणि त्यांनी ती वहीत टिपून घेतली.