कार्बनच्या नावाखाली ग्लास इपॉक्सी: पाच इंची फ्रेम घेताना मी कसा फसलो

फ्रीस्टाइलसाठी, म्हणजे हवेत कोलांट्या मारत उडवण्यासाठी, पाच इंची पंख्यांचा ड्रोन बांधायला निघालेल्या प्रत्येकाने हे वाचावं म्हणून लिहितोय. फ्रेमचे, म्हणजे ड्रोनच्या सांगाड्याचे, ३,४०० रुपये तर गेलेच, पण तिच्यापायी ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) जळाला, एक मोटर गेली आणि तीन आठवडे मी भलतीकडेच दोष शोधत बसलो. त्या तीन आठवड्यांचा राग जास्त आहे.

९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन परदेशातून आणायला बंदी आहे, सुटे भाग मात्र आणता येतात. आपण एफपीव्हीवाले (ड्रोनच्या कॅमेऱ्याचं दृश्य चष्म्यात बघत उडवणारे) तसेही मोटर एकीकडून, फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे ड्रोनचा मेंदू, दुसरीकडून असं जमवूनच बांधतो. फ्रेम मी एका इन्स्टाग्राम पेजवरून घेतली. ‘टी-७०० कार्बन, ५ मिमी आर्म, क्रॅशप्रूफ.’ (टी-७०० ही कार्बन तंतूंची एक प्रत, आर्म म्हणजे टोकाला मोटर बसते तो फ्रेमचा हात.) समोरचा बोलायला गोड. “दादा, मी स्वतः हीच उडवतो, डोळे झाकून घ्या,” म्हणाला. बिल मागितलं तर “बिल केलं की जीएसटी वर पडेल” म्हणाला. मी यूपीआयने पैसे पाठवून मोकळा झालो.

फ्रेम हातात आली तेव्हा संशय यावा असं काही दिसलं नाही. वरचं विणकाम चकचकीत, स्क्रू सरळ बसले. कडांना मात्र काळा रंग मारलेला होता. थर सुटू नयेत म्हणून बरेच जण कडेला सुपरग्लू लावतात, त्यातलाच प्रकार असेल असं मला वाटलं. तिथेच चुकलो.

पहिल्याच बॅटरी पॅकला व्हिडिओत थरथर दिसली. दोन मिनिटांत उतरवला तर मोटरवर बोट ठेववत नव्हतं. मी पीआयडी (ड्रोन किती जोराने सावरायचा ते ठरवणारे आकडे) खाली आणले, बीटाफ्लाइट या फ्लाइट कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमधले फिल्टर वाढवले, प्रॉप म्हणजे पंखे बदलले, एका मोटरचं बेअरिंग बदललं, फ्लाइट कंट्रोलरखालची रबरं बदलली. फरक शून्य. वाटलं, आपल्यालाच ट्यूनिंग जमत नाही. रात्री एक-एक वाजेपर्यंत ब्लॅकबॉक्सचे, म्हणजे उड्डाणाच्या नोंदीचे, आलेख बघायचो आणि सकाळी डोळे चोळत कामावर जायचो.

शेवटी मिरजेजवळच्या एका बंद खाणीत उडवताना बाभळीच्या फांदीला जेमतेम घासला आणि शेजारच्या उसात पडला. बझरच्या आवाजावर अर्धा तास उसात शोधला. पुढचा उजवा आर्म मोटरच्या मागे मोडलेला, मोटरच्या तारा पॅडवरून उपटलेल्या, ईएससीवर काळा डाग. मी याहून जोरात काँक्रीटवर आपटलोय, जुन्या फ्रेमला ओरखडा पडला, बस्स. आणि इथे एक फांदी!

मोडलेला आर्म खिशात होता. कुपवाड एमआयडीसीत ओळखीच्या काकांचं राउटरचं, म्हणजे शीट कापायच्या मशीनचं, काम चालतं, पॅनेल बोर्डासाठी शीट कापून देतात. स्पेअर आर्म कापून मिळेल का विचारायला गेलो. काकांनी तुकडा उजेडात धरला, मोडलेल्या जागी नख फिरवलं. आतून पांढरट-हिरवट तंतू सुटत होते. “अरे, ही आमचीच ग्लास इपॉक्सी शीट. वरखाली कार्बनचा एकेक पापुद्रा चिकटवलाय.” मग त्यांनी जाडी मोजायला व्हर्निअर लावला: ४.१ मिमी.

ग्लास इपॉक्सी, म्हणजे काचतंतूंची शीट, पॅनेलमध्ये वापरतात ती वीज वाहू देत नाही म्हणून. कार्बन वीज वाहून नेतो. काकांनी कडेचा रंग पॉलिश पेपरने घासला आणि मीटरचे दोन्ही प्रोब कडेच्या मधल्या थरावर टेकवले. काहीच नाही. माझ्या जुन्या फ्रेमच्या आर्मला तसंच केलं तर मीटरने लगेच दाखवलं. मला तिथेच खाली बसावंसं वाटलं.

ग्लास इपॉक्सी कार्बनपेक्षा जड आणि तरी कितीतरी लवचीक. त्यात जाडीची चोरी. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे ५ मिमीचे ४ झाले की ताठपणा निम्म्यावर येतो. असा आर्म उडताना कंप पावतो, जायरोला (ड्रोनचं वळणं-फिरणं मोजणाऱ्या सेन्सरला) तो कंप म्हणजे ड्रोनचीच हालचाल वाटते आणि ती थांबवायला फ्लाइट कंट्रोलर मोटरना सतत झटके देत राहतो. मोटर तापत होत्या त्या यामुळे. ट्यूनिंगने हे सुटणारच नव्हतं.

विक्रेत्याला फोटो पाठवले. “दादा, हार्ड क्रॅशला वॉरंटी नसते.” मीटरचा व्हिडिओ पाठवला, त्यानंतर ब्लॉक. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. पण हातात बिल नाही, फक्त यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि चॅट. म्हणून सांगतो, बिल देत नसेल तर घेऊच नका, मग तो कितीही दादा-दादा करो.

पैसे देण्याआधी आर्मच्या कडेचा, रंग न मारलेला, जवळून काढलेला फोटो मागा. व्हर्निअर लावलेला फोटो मागा. सुटे आर्म वेगळे मिळतात का ते विचारा. मला “पूर्ण फ्रेमच घ्यावी लागेल” असं उत्तर मिळालं होतं. फ्रीस्टाइलमध्ये आर्म कधी ना कधी मोडणारच, खऱ्या कार्बनचासुद्धा. चार स्क्रू काढून तो बदलता आला पाहिजे. विणकाम आर्मच्या लांबीला धरून आहे का बघा. शीट वाचवायला तिरका कापलेला आर्म खऱ्या कार्बनचा असला तरी कमकुवतच. आणि कड घासायची झाली तर पाणी लावून, मास्क घालून घासा, कार्बनची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात तोच फोटो दुसऱ्या नावाच्या पेजवर दिसला, ३,२०० रुपयांना. खाली एक पोरगा विचारत होता, पहिल्या बिल्डला चालेल का. मी उत्तर लिहिलं, पेजवाल्याने ते तासाभरात काढून टाकलं. कोणी अशी काळ्या कडांची फ्रेम घेतली असेल तर पुढचा पॅक लावण्याआधी एक आर्म काढा, कड घासा आणि मीटर लावून बघा.