एल्डन रिंग आणि शॅडो ऑफ द अर्डट्री: मेलिनाचं घराणं शोधणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांत एल्डन रिंगचा विषय निघाला की कुठला बॉस कसा मारला इथून सुरुवात होते आणि गाडी हमखास खेळाडूला सोबत करणाऱ्या मेलिनावर येऊन थांबते. ही नेमकी कुणाची लेक? फ्रॉमसॉफ्टवेअरचा मूळ गेम २५ फेब्रुवारी २०२२ ला आला, त्याचा विस्तार शॅडो ऑफ द अर्डट्री २१ जून २०२४ ला. दोन्हींचं हे परीक्षण त्या एका प्रश्नाच्या अंगाने आहे, त्यामुळे पुढे कथा उघड होते.

आपल्या भागात हेळवी दारात आला की वही उघडून सात पिढ्यांची नावं वाचून दाखवतो. या गेमने तीच वही फाडून तिची पानं तलवारींच्या, मंत्रांच्या आणि ताईतांच्या माहितीत लपवली आहेत. उघडपणे कळतं ते एवढंच. मरिका राणीला गॉडफ्रीपासून गॉडविन, मॉर्गॉट आणि मोह्ग झाले. राडागॉनपासून मिकेला आणि मलेनिया ही जुळी. राडागॉनचा आधीचा संसार रेनालाशी, त्यातून राडाह्न, रायकार्ड आणि रॅनी. आणि राडागॉन म्हणजे स्वतः मरिकाच! या यादीत मेलिना कुठेच नाही. ती एवढंच सांगते की तिचा जन्म अर्डट्री या महाकाय सोनेरी झाडाच्या पायथ्याशी झाला, कामगिरी तिथेच आईने दिली, आणि आता ती जळालेली, देहाविना उरली आहे.

तिचं बोलणं आपोआप ऐकू येत नाही, इथेच बरेच जण चुकतात. काही ठरावीक ग्रेसवर (विसाव्याच्या जागांवर), विशेषतः मरिकाच्या चर्चमध्ये बसलं की मेनूत तिच्याशी बोलायचा पर्याय येतो. घाईत लेव्हल वाढवून उठलात तर मरिकाचे जुने शब्द तिच्या तोंडून ऐकायचे राहून जातात. मॉर्गॉटच्या लढाईआधी जमिनीवर तिची सोनेरी खूण दिसते, तिला बोलवाच. ती लढताना जखमा भरणारं लहानसं सोनेरी झाड उभं करते, ते नीट पाहून ठेवा. विस्तारात हाच मंत्र शमन व्हिलेजमध्ये सापडतो आणि त्याच्या माहितीत तो मरिका राणीचा गुप्त मंत्र असल्याचं स्पष्ट लिहिलंय. आईचा मंत्र लेकीकडे आला, असाच त्याचा सरळ अर्थ लागतो.

सगळ्यात भक्कम पुरावा विस्तारातल्या मेस्मर या बॉसकडे आहे. त्याला हरवल्यावर जे सरपण मिळतं, त्याच्या माहितीत धाकट्या बहिणीचा उल्लेख येतो: तिच्यासारखंच यालाही आगीचं दर्शन होतं. नाव दिलेलं नाही. पण मूळ गेममध्ये जायंट्सच्या भट्टीपाशी मेलिना स्वतः सरपण होऊन जळते, तेव्हा अर्डट्रीची वाट मोकळी होते. विस्तारात मेस्मरच्या सरपणाने वाट अडवणारं झाड जळतं आणि एनिर-इलिमकडे जाता येतं. एकाच आईची दोन मुलं, दोघंही वाट उघडण्यासाठी जळणारी. मेस्मर मरताना मरिकाला आई म्हणूनच शाप देतो. मेलिना मरिकाची लेक आणि मेस्मरची बहीण, यावर आता वाद घालण्यात अर्थ नाही असं आमचं ठाम मत आहे.

वाद उरतो तो ग्लोम-आइड क्वीनचा. कातरवेळेच्या रंगाच्या डोळ्यांची ही राणी काळी आग वापरणाऱ्या गॉडस्किन अपॉसल्सची म्होरकी. मरिकाचा रक्षक मलिकेथ याने तिला हरवलं. हे वाचायला केलिडच्या डिव्हाइन टॉवरच्या तळाशी जाऊन गॉडस्लेयर्स ग्रेटस्वर्ड मिळवावी लागते. मेलिनाचा डावा डोळा अख्खा गेमभर मिटलेला असतो. गेमच्या अनेक शेवटांपैकी फ्रेंझिड फ्लेमच्या शेवटात ती तो उघडते, आतली बुबुळं सांजेच्या रंगाची, आणि खेळाडूला ठरलेलं मरण (डेस्टिन्ड डेथ) देण्याची शपथ घेते. तिच्या खंजिराच्या माहितीतही आग आणि ठरलेलं मरण एकत्र येतात. तरी ही राणी म्हणजेच मेलिना, हे सिद्ध झालं असं म्हणवत नाही. मेस्मरचाही एक डोळा आईने मोहोर लावून बंद केलेला होता आणि लढाईच्या मध्यात तो उपटून काढल्यावर आतला साप बाहेर पडतो. म्हणजे मिटलेला डोळा ही या भावंडांवर आईने घातलेल्या बंधनाची खूण असू शकते, त्यासाठी मेलिनाला दुसरी राणी ठरवायची गरज पडत नाही. नावं ‘म’ने सुरू होतात हा पुरावा तर धरूच नये, गॉडविनपाशीच तो मोडतो.

मेलिनाचं जळणं आणि तिचं डोळा उघडणं, हे दोन्ही प्रसंग पाहायचे तर सेव्हची प्रत ठेवा. भट्टीपर्यंत पोहोचा, पण मेलिनाशी बोलू नका. गेम पूर्ण बंद करा. विंडोजच्या अ‍ॅपडेटा रोमिंगमध्ये एल्डनरिंग नावाचा फोल्डर आहे, तो पेनड्राइव्हवर घ्या. दहाही पात्रं एकाच फाइलमध्ये असतात, त्यामुळे जुनी प्रत परत टाकली की सगळीच पात्रं मागे जातात. स्टीम क्लाउडने विचारलं तर लॅपटॉपवरची फाइल निवडा. मग फ्रेंझिड फ्लेमच्या शेवटासाठी लेंडेल शहराच्या गटारांच्या तळाशी उतरा. थ्री फिंगर्सचं दार अंगावरचं सगळं चिलखत उतरवल्याशिवाय उघडत नाही. दार बिघडलंय समजून कित्येक जण परत फिरतात. मेलिना आधीच जळाली असेल तर डोळा उघडण्याचा प्रसंग मिळणार नाही.

यंत्राचं म्हणाल तर किमान १२ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० चं ३ जीबी कार्ड आणि ६० जीबी जागा. जुन्या बाजारातल्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर हा गेम घ्यायच्या भानगडीत पडू नका, उघड्या मैदानात घोडा पळवला की चित्र अडखळतं. गेम सतत सेव्ह होत असतो, म्हणून पावसाळ्यात वीज जाते त्या वेळी डेस्कटॉपवाल्यांची फाइल खराब होण्याची भीती असते. इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये वीज बदलायला लागणारा वेळ संगणक बंद पाडायला पुरतो. मजकूर सगळा जुन्या धाटणीच्या इंग्रजीत आहे, मराठी किंवा हिंदी नाही, आणि गेममध्ये टिपणवही नाही. वस्तूचं नाव आणि ती कुठे मिळाली एवढं कागदावर लिहीत गेलात तर दुवे जुळतात.

मेलिनासाठीच घेणार असाल तर नुसता मूळ गेम घेऊन भागणार नाही, आईचा माग विस्तारातच लागतो. तो वेगळा चालत नाही, मूळ गेम लागतोच, शिवाय राडाह्न आणि मोह्ग दोघांना हरवून मोह्गच्या जागेतल्या कोषातून लोंबणाऱ्या हाताला स्पर्श करावा लागतो. आत गेल्यावर लेव्हलपेक्षा स्कॅड्यूट्री फ्रॅगमेंट्स, म्हणजे विस्तारात ताकद वाढवणारा आशीर्वाद देणारे तुकडे, जास्त कामाला येतात. एकूण ५० आहेत, आशीर्वाद २० पर्यंत वाढतो. मेस्मरसमोर तो सात-आठच्या खाली ठेवून जाणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

शमन व्हिलेज नकाशावर सहज सापडत नाही. शॅडो कीप किल्ल्याच्या मागच्या अंगाला कमांडर गायसला हरवून पुढे जायचं. त्याच्या रानडुकराची पहिली धडक दार ओलांडताच येते, म्हणून आत शिरल्या शिरल्या बाजूला लोळा. पुढे वाट संपते तिथे मरिकाची मूर्ती आहे. तिच्यासमोर ‘ओ मदर’ हा हावभाव केला की मूर्ती बाजूला होते. हा हावभाव बॉनी व्हिलेजच्या भागात आधीच उचलून ठेवावा लागतो. पुढे गावात शत्रू नाहीत, फुलं आहेत, झाडापाशी मरिकाने कापून वाहिलेली सोनेरी वेणी आहे. तिच्या माहितीत लिहिलंय की मरिका पुन्हा कधी घरी परतली नाही. मंत्र आणि वेणी दोन्ही उचला. मंत्र वापरायला पात्राचा फेथ हा गुण ७० लागतो, पण वाचायला काहीच लागत नाही.