ज्युपिटर १२५ : तीन वर्षं, २१ हजार किलोमीटर आणि घरातली बुलेट

आधीच सांगून टाकते, आमच्या घरात बुलेट आहे. म्हणजे कागदावर रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०, पण कोल्हापुरात तिला बुलेटच म्हणतात. ती ह्यांची. पार्किंगमधली सावलीची जागा तिची, रविवारी सकाळी पाइप लावून आंघोळ तिची, आणि एक मऊ पिवळं फडकंही तिचं. त्या फडक्यानं मी एकदा ओटा पुसला, तर दोन दिवस घरात अबोला होता. तिच्या शेजारी उन्हात उभी असते ती माझी निळी स्कूटर, टीव्हीएसची ज्युपिटर १२५. तिला आंघोळ पावसाळ्यात मिळते.

तीन वर्षांपूर्वी घेतली. पतसंस्थेत नोकरी, राजारामपुरी ते कसबा बावडा रोजचं जाणं-येणं, शिवाय मंडई, गिरणी, मुलाचा क्लास आणि सासूबाईंचा दवाखाना. घेतानाचा एकच अनुभव वाईट. शोरूमचं नाव घेत नाही, पण पहिल्या दिवशी सांगितलेला आकडा आणि बिलावरचा आकडा यांत सीट कव्हर, लेग गार्ड, फुटमॅट आणि ‘हँडलिंग’ एवढ्यांनी आपापली जागा करून घेतली होती. फुटमॅट नको म्हटल्यावर तो पोरगा म्हणाला, ‘मॅडम, ती बसवूनच येते.’ मी ती त्याच्यासमोर उचलून टेबलावर ठेवली. बिल घेताना एक-एक ओळ वाचा, एवढंच.

आता गाडीबद्दल. १२४.८ सीसी, वजन १०८ किलो, दोन्ही चाकं १२ इंची, पेट्रोलची टाकी ५.१ लिटरची. हे कंपनीच्या पत्रकात मिळेल. पत्रकात न मिळणारी गोष्ट सीटखालच्या डिकीची. ३३ लिटर म्हणजे नक्की किती, ते मला मंडईत कळलं. मेथीच्या दोन जुड्या, दोन किलो कांदे, डबा, छत्री, ऑफिसची फाइल आणि हे सगळं भरून वर रेनकोट. सीट दाबली की टक् करून बंद. कपिलतीर्थ मंडईतल्या मावशी आता पिशवी देतच नाहीत. ‘उघड तुझं कपाट’ म्हणतात आणि भाजी थेट आत ओततात. एवढी जागा झाली, कारण पेट्रोलची टाकी सीटखालून काढून पायाखाली नेली आहे. पेट्रोल पुढच्या बाजूनं भरायचं, गाडीवरून उतरायचं नाही, सीट उचलायची नाही. पंपावर मागच्यानं हॉर्न वाजवायच्या आत माझं काम झालेलं असतं.

पण खरा जीव अडकलाय तो पायाशी असलेल्या सपाट जागेत. दहा किलोचं दळण तिथं उभं राहतं. घोट्यांनी जरा धरून ठेवायचं, पीठ गरम असतं, थंडीत पायांना बरं वाटतं.

ही पायाशी मोकळी जागा कुठून आली त्याची गोष्ट मला फार आवडते. दुसरं महायुद्ध संपल्यावर इटलीत पियाजिओ कंपनीनं कोरादिनो दास्कानिओ नावाच्या इंजिनियरला स्वस्तातली दुचाकी बनवायला सांगितलं. हा गृहस्थ विमानं आणि हेलिकॉप्टर बनवणारा, आणि मोटारसायकल त्याला मुळीच आवडायची नाही. बसायला अवघड, चाक काढायला कटकट, साखळीच्या तेलानं कपडे खराब. म्हणून त्यानं इंजिन मागच्या चाकापाशी नेऊन झाकलं, साखळी काढून टाकली, गिअर हातात दिला आणि पुढं पाय ठेवायला फळी केली. पुढचं चाक त्यानं विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूनं धरलं. हीच व्हेस्पा स्कूटर, १९४६ च्या एप्रिलमध्ये तिचं पेटंट झालं. मोटारसायकल न आवडणाऱ्या माणसानं काढलेली गाडी! हे मी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, ‘म्हणूनच तशी दिसते.’

त्याच वंशातली बजाजची चेतक आमच्या पप्पांकडं होती. आकुर्डीच्या कारखान्यातली, राणा प्रतापाच्या घोड्याचं नाव लावून १९७२ मध्ये बाजारात आलेली. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबल्यावर मिळालेली, त्यामुळं घरात तिचा मान मोठ्या मुलासारखा. सकाळी चालू होत नसली की पप्पा तिला उजवीकडं पार जमिनीकडं झुकवायचे, पुन्हा सरळ करायचे आणि मग किक. पुढं उभी मी, मागं आई, आईच्या मांडीवर भाऊ, आणि स्टेपनीवर लिहिलेलं ‘आई अंबाबाई प्रसन्न’. चौघं जोतिबाला जायचो. आज हे लिहितानाही भीती वाटते, पण तेव्हा हेल्मेट हा शब्दसुद्धा घरात नव्हता.

आता बुलेटकडं येते, नाहीतर ह्यांना वाटेल घाबरले. मला ती गाडी आवडते. १९५५ मध्ये मद्रासला तिची जुळणी सुरू झाली. ‘बंदुकीसारखी घडवलेली’ ही तिच्या मूळ इंग्रज कंपनीची जुनी घोषणा. जुन्या गाड्यांना गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असायचा, आणि असली गाडी चालवणारा माणूस गल्लीत वेगळाच ओळखला जायचा. आवाज छान आहे, बसलं की ताठ बसायला होतं. माझी तक्रार गाडीबद्दल नाहीच. तिच्यासोबत जे बिऱ्हाड येतं ना, त्याबद्दल आहे. जॅकेट वेगळं, टी-शर्ट वेगळा, चहाचा कप वेगळा, किल्लीला पितळी बिल्ला. लडाखचा स्टिकर लावायचा, लडाखला गेलेले नसलो तरी. कुणी सायलेन्सर बदलून फटाके काढतो, मग पोलीस असले सायलेन्सर गोळा करून रोडरोलरखाली घालतात आणि त्याचा फोटो ग्रुपवर येतो, खाली रडके चेहरे. आणि १९५ किलोची गाडी पार्किंगमधून उलटी काढताना ‘अगं, जरा मागून ओढ’ हे कोणत्याच जाहिरातीत दाखवत नाहीत.

गेल्या जुलैत ह्यांच्या ग्रुपची गगनबावडा राइड होती. आदल्या रात्री मी म्हटलं, मी पण येते, माझ्या गाडीवर. घरात शांतता. ‘अगं, ती राइड आहे,’ हे म्हणाले. म्हटलं, ‘अहो, रस्ताच आहे ना?’

सकाळी सहाला रंकाळ्यावर जमलो. चौदा बुलेट आणि मी. पुढं लीड कोण, शेवटी स्वीप कोण, हाताच्या खुणा काय, यावर वीस मिनिटांचं भाषण झालं. माझ्याकडं बघून एक भावजी म्हणाले, ‘वहिनी, मागं राहा, सांभाळून घेऊ.’ फुलेवाडी सोडली, बालिंग्याचा पूल ओलांडला, आणि मग चहा. कळ्याला फोटो. साळवणला पुन्हा चहा. कुणाचा कॅमेरा नीट बसला नाही म्हणून एक थांबा. सगळे मिळून ५५ किलोमीटर, मी स्वीपबरोबर मागं राहून पोचले, आणि पोचेपर्यंत दहा वाजले.

गगनबावड्याला तिथल्या रिवाजाप्रमाणं पाऊस कोसळला. जॅकेटं पाण्यानं जड झाली. आणि मग डिकी उघडली. तीन रेनकोट, दोन टॉवेल, जयसिंगपूरचं भडंग, कांदा-मिरची आधीच चिरून डब्यात. चौदा दाढीवाले राइडर माझ्या स्कूटरभोवती उभे राहून तळव्यावर भडंग घेत होते, ते दृश्य मी विसरणार नाही. स्कूटरचा फोटो मात्र एकानंही काढला नाही.

न आवडणाऱ्या गोष्टीही सांगायला हव्यात, आणि त्या सगळ्याच स्कूटरांच्या आहेत. परत येण्याआधी करूळ घाटात दोन वळणं खाली उतरून बघितलं. उतारावर बुलेटवाला गिअर पाडतो आणि इंजिन गाडीला धरून ठेवतं. इथं सगळी भिस्त ब्रेकवर, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक धरून धरून बोटं आखडतात. चाक १२ इंची असलं तरी आपल्याकडचा खड्डा चोवीस इंची असतो. तोल राखून जपूनच जावं लागतं, लांब पल्ल्यावर पाठ बोलते. कराडच्या पुढं हायवेनं जायचं असेल तर मी ह्यांच्या मागंच बसते, तेवढी मी समजूतदार आहे. ॲव्हरेज माझ्या वहीप्रमाणं गावात ४५ च्या आसपास, थांबत-थांबत गेलं तर कमी. वही ह्यांनी तपासली आहे, दोनदा.

बाकी मला तिचं सगळ्यात मोठं सुख विचाराल तर ते सांगण्यासारखं काहीच नाही. संध्याकाळी घर आवरून झालं की साडीवर, चपलेवर, किल्ली घेतली की निघायचं. बटण दाबायचं, रंकाळ्याला एक चक्कर, खाऊगल्लीत थांबले तर थांबले. कुणी विचारत नाही कुठं निघालात, किती सीसी, मॉडिफाय काय केलं. वारा लागतो आणि मी दहा मिनिटं कुणाचीच नसते.

गणपतीच्या आदल्या दिवशी मूर्ती आणायची होती. बुलेटवर मूर्ती धरून बसणं कुणालाच जमेना. शेवटी कुंभार गल्लीतून मी गाडी चालवत, आणि मागं हे, दोन्ही हातांनी मांडीवर गणपती धरून, डोक्याला गांधी टोपी. पायाशी आरास, दुर्वा, केवडा, सगळं त्या फळीवर. सिग्नलला लाल लागला आणि शेजारी ग्रुपमधल्याच दोन बुलेट येऊन उभ्या राहिल्या. ‘मोरया, वहिनी!’ ते ओरडले. रुमालानं गणपतीचं तोंड झाकलेलं होतं. ह्यांचं उघडं होतं.