यूएसबी मायक्रोस्कोप, डासाच्या अळीसाठी घेतला होता, महिनाभर वापरून लिहितेय

खोक्यावर १०००एक्स छापलंय त्याच्यावर अजिबात जाऊ नका. कॉलेजच्या लॅबमधला साधा मायक्रोस्कोप ४००एक्सला जे दाखवतो त्याच्या जवळपासही हा जात नाही, रक्ताच्या पेशी वगैरे बघायच्या असतील तर घेऊच नका. पण मी ज्याच्यासाठी मागवला त्या कामाला माझ्याकडून चार स्टार.

मी अकरावी-बारावीला बायो शिकवते. झुरळाच्या मालपिघी नलिका (म्हणजे किड्याची किडनीच) म्हणजे १०० ते १५० पिवळसर धागे एवढं पोरं पाठ करतात, परीक्षा झाली की विसरतात. मला ते जिवंत किड्यात दाखवायचं होतं, आणि कूलरच्या टाकीत अळ्या आयत्याच सापडल्या. डासाची अळी पारदर्शक असते, कापायची गरजच नाही!

काचपट्टीवर थेंबभर पाणी, त्यात कापसाचे दोन-तीन तंतू म्हणजे अळी फार वळवळत नाही. वरचे एलईडी बंदच ठेवा, पाण्यावर नुसती चमक येते, त्यापेक्षा खालून मोबाईलचा टॉर्च आणि मध्ये बटर पेपर, मग बघा. आतड्याची काळी रेघ दिसते, तिच्या मागच्या भागाजवळ पांढरट दोऱ्या, त्याच मालपिघी नलिका, डासाला फक्त ५ असतात, आणि शेपटाला काचेसारख्या ४ पाकळ्या, त्यांना अ‍ॅनल पॅपिले म्हणतात.

आता अळीच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार खूप जास्त, म्हणून पाणी सारखं आत झिरपत राहतं. आपली किडनी रक्ताच्या दाबावर गाळते, किड्यात तसा दाब नसतो, तिथे नलिकेच्या पेशी पोटॅशियम पंपाने आत ढकलतात, त्याच्यामागे पाणी ओढलं जातं आणि पाण्याबरोबर नको ते पदार्थ. पण हे पाणी रक्ताइतकंच खारट असतं, तसंच बाहेर टाकलं तर अळी क्षारांवाचून मरेल, म्हणून मागचं आतडं क्षार परत घेतं आणि लघवी पातळ जाते. तरीही थोडं वाया जातंच, ते या चार पाकळ्या बाहेरच्या पाण्यातून ओढून घेतात. पंप काही दिसत नाही हो, पण पाकळ्या दिसतात आणि त्यांचा आकार मोजता येतो, इथेच पैसे वसूल झाले.

लंडनमध्ये विगल्सवर्थ या कीटकशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात दाखवलं होतं की अळी गोड्या पाण्यात वाढली तर पाकळ्या मोठ्या होतात आणि खारट पाण्यात आखूड राहतात. मी दोन बरण्या केल्या, एकात आरओचं पाणी आणि दुसऱ्यात लिटरला ३ ग्रॅम मीठ, दोन्हीत अगदी बारीक अळ्या, खायला चिमूटभर फिश फूड. आठवड्याने दोघींचे फोटो शेजारी ठेवले तर फरक नुसत्या डोळ्यांनी कळत होता, मागच्या बाकावरची पोरंसुद्धा उठून पुढे आली स्क्रीनजवळ.

एक स्टार कापला तो स्टँडसाठी, जरा धक्का लागला की फोकस जातो, मी खाली जड पुस्तक ठेवते. माझ्या मोबाईलवर अ‍ॅप चाललंच नाही, लॅपटॉपवर नीट चालतं. त्यातल्या मोजपट्टीवर विश्वास ठेवू नका, अळीशेजारी खरी पट्टी ठेवून फोटो काढा.

आणि बरणीच्या तोंडावर मलमलचं कापड घट्ट बांधा, कोश दिसायला लागले की लगेच पाणी कोरड्या मातीत ओतून टाका, डेंग्यूचे दिवस आहेत.